पटवाऱ्याच्या पेन्शनला अट आहे, मग आमदार-खासदाराच्या पेन्शनला काहून नाही?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो म्हणजे नंतर गोंधळ नको. ज्या खासदाराला किंवा आमदाराला गंभीर गुन्ह्यात कोर्टानं शिक्षा सुनावली त्याची पेन्शन त्याच दिवसापासून थांबली पाहिजे, आणि अपिलात शेवटपर्यंत शिक्षा कायम राहिली तर ती कायमची गेली पाहिजे. हे काही मी जगावेगळं मागून राहिलो असं नाही. आपल्या राज्यात पटवारी, ग्रामसेवक, मास्तर, पोलीस, सरकारी दवाखान्यातली नर्स, तहसीलचा शिपाई, सगळ्यांच्या पेन्शनला ही अट कित्येक वर्षांपासून आहेच. फक्त जे लोक नियम बनवतात त्यांनी तो स्वतःला लावून घेतला नाही, आणि हे मला सहन होत नाही.

नियम काय आहे ते आधी बघू, कारण गावात बऱ्याच रिटायर लोकांनाही तो माहीत नसतो. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, 1982 सालचे. त्यातला 26 नंबरचा नियम म्हणतो की प्रत्येक पेन्शन पुढच्या चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर दिलेली आहे, म्हणजे रिटायर होऊन घरी बसल्यावरही गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर सरकार पेन्शन पूर्ण किंवा तिचा काही भाग, काही काळासाठी किंवा कायमची थांबवू शकते. 27 नंबरचा नियम नोकरीतल्या काळाबद्दल आहे, तेव्हा केलेलं प्रकरण नंतर सिद्ध झालं तरी पेन्शन जाते आणि सरकारचं जे नुकसान झालं ते त्यातूनच वसूल होतं. 130 नंबरचा नियम सांगतो की केस चालू आहे तोवर तात्पुरती पेन्शन घ्या, ग्रॅच्युइटी मात्र निकाल लागल्याशिवाय मिळणार नाही. आणि नोकरीत असतानाच बडतर्फ झाला तर पेन्शनचा हक्कच राहत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनाही साधारण असंच.

हा नियम कागदावर नाही, तो खरंच चालतो, मी बघितला आहे. आमच्या तालुक्यात एक पटवारी होते, फेरफार नोंदीसाठी एका कास्तकाराकडून पैसे घेताना एसीबीच्या, म्हणजे लाचलुचपत खात्याच्या, ट्रॅपमध्ये सापडले. नोटांना एक पावडर लावलेली असते, पंचांसमोर हात सोड्याच्या पाण्यात बुडवले आणि पाणी गुलाबी झालं, चावडीसमोर अर्धं गाव उभं होतं. केस चालता चालता ते रिटायर झाले, ग्रॅच्युइटी अडकली, मग शिक्षा झाली आणि पेन्शनही गेली. त्यांची बायको आता घरी पिको-फॉलचं काम करते. मला त्या बाईबद्दल वाईट वाटतं, खरंच वाटतं, पण पेन्शन गेली ते चुकीचं झालं असं मला वाटत नाही आणि गावातही कोणी तसं म्हणालं नाही. ज्या माणसाच्या हातात आपला सातबारा होता त्यानं त्या कामाचे पैसे खाल्ले, मग त्याच कामाची पेन्शन गावानं आयुष्यभर त्याला का द्यावी, इतकं साधं लोकांना कळतं.

आता खासदारांचं बघा. त्यांच्या पगार-भत्त्यांचा कायदा 1954 चा, त्यात पेन्शन घुसली 1976 मध्ये. आज माजी खासदाराला महिन्याला 31 हजार रुपये मिळतात, पाच वर्षांच्या वर जितकी वर्षं झाली त्या प्रत्येक वर्षाचे आणखी अडीच हजार. ही वाढ मार्च 2025 मध्ये जाहीर झाली आणि लागू केली ती 1 एप्रिल 2023 पासून, म्हणजे मागच्या तारखेनं. याच कायद्याचं कलम 8-अ वाचलं तर त्यात पेन्शन कधी थांबते तेही लिहिलेलं आहे. राष्ट्रपती झाले, राज्यपाल झाले, दुसऱ्या सभागृहात निवडून गेले, सरकारचा पगार घ्यायला लागले की तेवढ्या काळापुरती बंद. म्हणजे पेन्शन थांबवायची कशी हे कायद्याला कळतं. पण खून केला, बलात्कार केला, सरकारी तिजोरी लुटली, कोर्टानं जन्मठेप दिली, तर थांबेल अशी एक ओळ त्यात नाही. कर्नाटकातल्या हासनचे माजी खासदार प्रज्वल रेवण्णा यांना ऑगस्ट 2025 मध्ये बंगळुरूच्या विशेष कोर्टानं बलात्काराच्या प्रकरणात जन्मठेप दिली, पीडित बाई त्यांच्याच घरच्या फार्महाऊसवर कामाला होती. पाच वर्षं खासदार होते ते. या शिक्षेमुळे त्यांची पेन्शन थांबवायची म्हटलं तर या कायद्यात कोणतं कलम दाखवाल? मला तरी सापडलं नाही.

आपल्या राज्यात आमदारांच्या पेन्शनचा वेगळा कायदा आहे, तोही 1976 चाच. 2016 मध्ये ही पेन्शन 40 हजारांवरून 50 हजार झाली, आणि पाच वर्षांच्या वर प्रत्येक वर्षाला 2 हजार जादा. हिशेब करून बघा, जो पाच टर्म आमदार राहिला त्याचे पंचवीस वर्षांचे महिन्याला 90 हजार होतात. एका टर्मचे 50 हजार. यासाठी पगारातून एक रुपया कपात होत नाही, फंड नाही, वर्गणी नाही. आणि याच राज्यात 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या मास्तराला, पटवाऱ्याला जुनी पेन्शन नाही, तो पगारातून दहा टक्के एनपीएसमध्ये, म्हणजे नव्या पेन्शन योजनेत, भरतो आणि 2024 पर्यंत तर शेवटी किती मिळतील तेही बाजारावरच होतं. मार्च 2023 मध्ये याच मागणीसाठी शाळा, तहसील, दवाखाने बंद होते, आठवडाभर संप चालला, तेव्हा राज्याच्या तिजोरीवर किती बोजा पडेल याचं गणित सगळ्या नेत्यांनी टीव्हीवर मांडून दाखवलं. ते गणित चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. पण तिजोरीची इतकी काळजी असणाऱ्यांनी स्वतःच्या पेन्शनला साधी गुन्ह्याची अटही लावू नये?

आणि अटी म्हणाल तर गरिबाच्या पैशाला किती अटी असतात ते बघायला कोणत्याही तालुक्याच्या गावी महिन्याच्या सुरुवातीला बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात जाऊन बसा. संजय गांधी निराधार किंवा म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला, दरवर्षी हयातीचा दाखला, आधार लिंक, आणि शेवटी अंगठा. मागच्या हंगामात मी माझ्या कामासाठी तिथं बसलो होतो, पुढं एक बुढी होती, सत्तरीच्या वरची असेल. मशीनवर अंगठा ठेवला, लाल लाईट. पोरानं ओल्या फडक्यानं तिचा अंगठा पुसला, परत ठेवला, परत लाल. "माय, दुसरं बोट ठेव." तिनं एकेक करून सगळी बोटं ठेवून पाहिली. मग हात पदरात घेतला आणि म्हणाली, "झिजले रे बाप्पा बोटं, कापूस येचू येचू. आता काहाचा अंगठा देऊ तुले?" त्या दिवशी तिले पैसे मिळाले नाहीत, पोरानं सांगितलं उद्या ये, तिचं गाव तिथून नऊ-दहा किलोमीटर आणि ऑटोचं भाडं जाऊन येऊन साठ रुपये. ती जिवंत समोर उभी होती तरी सरकारला पुरावा पाहिजे होता. एसटी, सहकारी संस्था, गिरण्या अशा ठिकाणी राबून निवृत्त झालेल्या ईपीएस-95 वाल्यांची, म्हणजे पीएफमधून पेन्शन मिळणाऱ्यांची, किमान पेन्शन 2014 पासून हजार रुपयांवर अडकलेली आहे, बुलडाण्यात हे म्हातारे वर्षानुवर्षं साखळी उपोषण करत बसले. त्यांनाही दरवर्षी आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. गरिबाला विचारायचं की तू जिवंत आहेस का, आणि नेत्याला साधं हेही विचारायचं नाही की तू जेलमध्ये आहेस का. हे कोणत्या न्यायात बसतं?

आता विदर्भातलंच उदाहरण घेऊ, कारण दूरच्या राज्याचं सांगितलं की लोक म्हणतात तिकडचं तिकडं. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं प्रकरण 2002 मध्ये बाहेर आलं. बँकेचे पैसे सरकारी रोख्यांत गुंतवायचे म्हणून होम ट्रेड आणि आणखी काही खासगी दलाल कंपन्यांकडे गेले, रोखे काही बँकेला मिळाले नाहीत, शंभर कोटींच्या वरचा मामला होता. वर्ध्याच्या जिल्हा बँकेचे पैसेही असेच अडकले. जिल्हा बँक म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. पेरणीच्या तोंडावर सोसायटीमार्फत जे पीक कर्ज मिळतं ते या बँकेचं असतं, ते मिळालं तर बियाणं-खत रोखीनं, नाही मिळालं तर कृषी केंद्रात उधारीवर आणि सावकाराच्या दारात. पुढे नागपूर, वर्धा, बुलडाणा या तिन्ही जिल्हा बँका अशा मोडल्या की रिझर्व्ह बँकेनं ठेवी घ्यायला बंदी घातली आणि सरकारनं पैसा ओतून त्या उभ्या कराव्या लागल्या. कापसाच्या पट्ट्यात, आत्महत्यांच्या त्या वर्षांत, ज्या बँकेनं कास्तकाराला हात द्यायचा तीच बँक आडवी पडलेली होती. सगळ्या आत्महत्या बँकेमुळे झाल्या असं मी म्हणणार नाही, कारणं बरीच होती, कापसाचा भाव, पाऊस, बोंडअळी. पण ऐन वेळी पैसा देणारं दार बंद झालं हे कारण छोटं नव्हतं.

त्या नागपूरच्या प्रकरणाचा निकाल लागला 22 डिसेंबर 2023 ला. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष आणि सावनेरचे आमदार सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा आणि साडेबारा लाख दंड. एकवीस वर्षांनी. मधल्या काळात ते पुन्हा पुन्हा निवडून आले, राज्यात मंत्रीही झाले. शिक्षा झाली तशी आमदारकी गेली. त्यांनी अपील केलं, जानेवारी 2024 मध्ये हायकोर्टानं जामीन दिला, तो त्यांचा हक्क आहे आणि शेवटचा निकाल लागेपर्यंत मी माझ्या तोंडानं त्यांच्याबद्दल शेवटचा शब्द बोलणार नाही. मुद्दा एका माणसाचा नाहीच. मुद्दा हा आहे की कोर्टानं दोषी ठरवल्याबरोबर आमदारकी जाते याची कायद्यात सोय आहे, तशीच सोय पेन्शनसाठी स्पष्ट शब्दांत पाहिजे, मग तो कोणत्याही पक्षाचा आमदार असो.

आमदारकी लगेच जाते हेही नेत्यांनी आपणहून दिलेलं नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 8 मध्ये दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की अपात्र, आणि सुटल्यावर आणखी सहा वर्षं निवडणूक लढता येत नाही असं आहे, पण उपकलम 4 ची पळवाट होती. तीन महिन्यांच्या आत अपील टाकलं की खुर्ची वाचायची. 10 जुलै 2013 ला लिली थॉमस यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ती पळवाट रद्द केली. लगेच तेव्हाच्या सरकारनं ती परत आणायला अध्यादेश तयार केला, लोकांत बोंब झाली, राहुल गांधींनी भर पत्रकार परिषदेत तो फाडून फेकायच्या लायकीचा म्हटलं आणि मग मागे घेतला गेला. काही दिवसांतच चारा घोटाळ्यात लालूप्रसाद यादवांची खासदारकी गेली. हे सगळं आठवून देतो कारण पेन्शनच्या बाबतीत जे आक्षेप घेतले जातात ते सगळे तेव्हाही घेतले गेले होते. अपील बाकी आहे, निर्दोष सुटला तर काय, मतदारांचा अपमान होतो. आभाळ काही कोसळलं नाही. ज्याच्या शिक्षेला म्हणजे दोषसिद्धीला वरच्या कोर्टानं स्थगिती दिली त्याची खुर्ची परत मिळते, राहुल गांधींचीच ऑगस्ट 2023 मध्ये परत मिळाली. पेन्शनचंही तसंच करा. खुर्ची जर अपिलाची वाट न बघता जाऊ शकते तर महिन्याचे पैसे थांबायला कशाची अडचण आहे? थांबवलेले पैसे बाजूला जमा राहू द्या, निर्दोष सुटला तर व्याजासकट परत द्या, मी स्वतः म्हणीन द्या.

पानठेल्यावर हा विषय निघाला की एक गोष्ट नेहमी ऐकू येते आणि ती मी हलकी समजत नाही. लोक म्हणतात भाऊनं गावासाठी किती केलं, रात्री दोन वाजता फोन केला तरी नागपूरले मेडिकलमध्ये बेड मिळवून दिला, पोरीच्या लग्नात आला, मयतीले आला, रस्ता केला, डीपी बसवून दिला. खरं आहे. आमच्याकडे साधं ट्रान्सफॉर्मर जळालं तर महावितरणच्या ऑफिसात कास्तकाराचं कोणी ऐकत नाही, भाऊचा फोन गेला की दोन दिवसांत येतं, आणि ओलिताच्या वेळी दोन दिवस म्हणजे पीक वाचणं की जाणं. ज्यानं ते वाचवलं त्याचे उपकार माणूस विसरत नाही आणि विसरूही नये. पण ते उपकार फेडायचे तर आपापल्या मनानं फेडा, मत द्या, मदत करा, जेलात भेटायला जा. सरकारी तिजोरीतून ते फेडायचे म्हणजे त्याच प्रकरणात ज्याचं नुकसान झालं त्याच्याही खिशातून फेडायचे. ज्या बाईवर अत्याचार झाला ती माचिस घेते तेव्हा तीही जीएसटी भरते, ज्या कास्तकाराची ठेव बुडाली तो फवारणीच्या औषधावर 18 टक्के भरतो. त्यांच्या पैशातून त्यांच्याच गुन्हेगाराला दर महिन्याला सन्मानाची रक्कम जावी हे भाऊच्या सगळ्यात जवळच्या कार्यकर्त्यालाही शांत डोक्यानं विचारलं तर पटणार नाही.

दुसरा आक्षेप घरच्यांचा. बायकापोरांनी काय केलं? यावर माझं उत्तर पटवाऱ्याच्या बायकोपासून सुरू होतं. तिनं काय केलं होतं? तिला जो नियम तोच आमदाराच्या बायकोला लावा, जास्तही नाही आणि कमीही नाही. आणि खरंच घरात दुसरं उत्पन्न नसेल, लेकरं लहान असतील, तर नियम 26 मध्ये जशी थोडी पेन्शन ठेवायची सोय आहे तशी बायकोच्या नावावर किमान रक्कम द्यायची सोय करा, तेवढी माणुसकी ठेवली तर माझी हरकत नाही. उत्पन्नाचा दाखला मात्र तिनंही तहसीलमधूनच आणावा.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, खोट्या केसेसचा आणि आंदोलनाच्या केसेसचा. विदर्भात जो नेता कास्तकारासाठी रस्त्यावर उतरला त्याच्यावर गुन्हे असतातच. रास्ता रोको, ऑफिसला कुलूप, अधिकाऱ्याला घेराव, आणि मग सरकारी कामात अडथळ्याचं जुनं कलम 353, आता नव्या न्याय संहितेत 132. बच्चू कडूंना मार्च 2023 मध्ये नाशिकच्या कोर्टानं शिक्षा सुनावली ती 2017 च्या प्रकरणात, दिव्यांगांच्या निधीच्या प्रश्नावर महापालिकेत अधिकाऱ्यांशी झालेल्या वादातली. त्यांची पद्धत पटो न पटो, पण हा गुन्हा आणि बँक बुडवणं, पोरीवर अत्याचार करणं, हे एका तराजूत टाकायचं असेल तर तो कायदा मला नको. तसा कायदा झाला तर उद्या प्रत्येक सरकार विरोधी आमदारावर आंदोलनाच्या केसेस घालून त्याची पेन्शनही खाईल. म्हणून "गंभीर गुन्हा" म्हणजे काय हे कायद्यात नावानिशी लिहावं लागेल, अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. माझ्या दृष्टीनं त्यात खून, बलात्कार, लहान मुलांवरचे अत्याचार, माणसांची तस्करी, दहशतवाद, दंगल घडवून जीव घेणं, लाचखोरी, आणि पदाचा वापर करून सरकारी, सहकारी किंवा सार्वजनिक पैशाचा अपहार हे आलंच पाहिजे. सहकारी हा शब्द तर सोडूच नका, कारण आमच्याकडची मोठी लूट मंत्रालयातून कमी आणि बँक, सूतगिरणी, खरेदी-विक्री संघ, पतसंस्था यांच्यातून जास्त झाली. आंदोलनाची कलमं, बदनामीची, आचारसंहितेच्या भंगाची कलमं स्पष्टपणे बाहेर ठेवा.

कोणी म्हणेल पेन्शन हा हक्क आहे, भीक नाही, सुप्रीम कोर्टानंच सांगितलं. बरोबर, 17 डिसेंबर 1982 चा नाकरा यांचा निकाल, त्या तारखेला पेन्शनर्स डे पाळतात. पण तो निकाल आयुष्य नोकरीत घालवलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीतला आहे, आणि त्या हक्कालासुद्धा वर्तणुकीची अट आहेच. खासदार-आमदारांचं तर संविधानाच्या कलम 106 आणि 195 मध्ये पगार आणि भत्ते इतकंच आहे, पेन्शनचा उल्लेखच नाही. लोकप्रहरी संस्थेनं खासदारांची पेन्शनच बंद करा म्हणून याचिका केली होती, एप्रिल 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती फेटाळली, हा संसदेच्या अखत्यारीतला विषय आहे म्हणून. मग जे सभागृह स्वतःच्या कायद्यानं पेन्शन देतं ते स्वतःच्या कायद्यानं अट घालू शकतं, कोर्टाकडे बोट दाखवायला जागाच उरत नाही.

आणि मनात आलं की सभागृह किती लवकर हलतं तेही बघितलं आपण. हिमाचलमध्ये फेब्रुवारी 2024 मध्ये सत्ताधारी पक्षाचे सहा आमदार फुटले, अपात्र ठरले, आणि सप्टेंबर 2024 मध्ये विधानसभेनं विधेयक मंजूर केलं की पक्षांतरात अपात्र झालेल्याला पेन्शन नाही. सात महिन्यांत. पंजाबनं 2022 मध्ये कितीही टर्म असो एकच पेन्शन असा कायदा केला. म्हणजे पक्ष सोडला म्हणून पेन्शन काढायचं विधेयक मंजूर करता येतं. बलात्कार केला म्हणून काढायला मात्र पन्नास वर्षं झाली तरी वेळ मिळत नाही. हरियाणात माजी मुख्यमंत्री ओमप्रकाश चौटालांना शिक्षक भरतीच्या घोटाळ्यात जानेवारी 2013 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, तीन हजारांवर मास्तरांच्या भरतीचा मामला, तरी माजी आमदाराची पेन्शन चालू राहिली म्हणून एका वकिलाला हायकोर्टात जावं लागलं.

बाहेरच्या देशांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्या चुका आपल्याला कामाच्या आहेत. अमेरिकेत लाच खाऊन जेलमध्ये गेलेल्या एका खासदाराची पेन्शन चालू राहिली म्हणून ओरड झाली आणि 2007 मध्ये कायदा आला, पण त्यात शेवटचा निकाल लागल्यावरच पेन्शन जाईल असं ठेवलं होतं, त्यामुळे अपिलं चालत राहिली आणि पैसे मिळत राहिले, ही फट बुजवायला त्यांना 2025 उजाडलं. इटलीनं 2015 मध्ये शिक्षा झालेल्या माजी खासदारांची पेन्शन बंद केली पण ती सभागृहाच्या अंतर्गत ठरावानं, आणि 2021 मध्ये तिथल्या सिनेटच्याच समितीनं एका शिक्षा झालेल्या नेत्याची पेन्शन परत सुरू केली. म्हणून आपल्याकडे हे कायद्यातच पाहिजे, सभागृहाच्या समितीवर नको, आणि थांबवण्याची तारीख पहिल्या शिक्षेचीच पाहिजे. आपल्याकडे एकवीस वर्षं एक केस चालते हे नागपूरनं दाखवलं, शेवटच्या निकालाची वाट बघितली तर बहुतेक जण पेन्शन घेता घेताच जग सोडून जातील.

यातून किती पैसे वाचतील असंही विचारतात. फार नाही वाचणार, मोजून काही कोटी असतील किंवा तेवढेही नसतील, राज्याच्या बजेटमध्ये दिसणारसुद्धा नाहीत. मी पैशासाठी हे मागतच नाही. पेन्शन म्हणजे लोकांनी दर महिन्याला म्हणायचं की तुम्ही आमची सेवा केली, आमच्या लक्षात आहे. ज्यानं त्याच पदावर बसून आम्हालाच लुटलं त्याला हे दर महिन्याला आमच्या नावानं कोणीतरी म्हणून राहिलं आहे आणि आम्हाला विचारलंही नाही.

दर डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपूरला येतं, विदर्भ महाराष्ट्रात येताना झालेल्या नागपूर कराराचं देणं म्हणून. विदर्भाचे 62 आमदार तिथं घरच्या मैदानावर असतात. अंगणवाडीच्या बाया, ईपीएसवाले म्हातारे, दिव्यांग, सगळे मोर्चे घेऊन येतात आणि मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर, टेकडी रोडवर बॅरिकेडसमोर थंडीत बसून राहतात. या 62 पैकी एकानं तरी आमदारांच्या पेन्शनच्या 1976 च्या कायद्यात दुरुस्तीचं अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारानं स्वतः आणलेलं विधेयक, मांडावं. दोन पानांचं काम आहे. गुन्ह्यांची यादी, पहिल्या शिक्षेच्या दिवसापासून पेन्शन थांबणार, स्थगिती मिळाली तर चालू, निर्दोष सुटला तर व्याजासकट परत, शिक्षा कायम झाली तर कायमची बंद, आणि अपहाराच्या प्रकरणात नुकसानीची वसुली नियम 27 सारखी. पास होणार नाही कदाचित, अशासकीय विधेयकं सहसा होत नाहीत. पण कोण बाजूनं बोललं आणि कोण गप्प बसलं ते कामकाजात नोंदवलं जाईल.

तोवर आपल्या हातात ग्रामसभा आहे. येणाऱ्या ग्रामसभेत हा विषय अजेंड्यावर घ्यायला ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्या, आधीच द्या, नाहीतर ऐनवेळचा विषय म्हणून तो टाळतात. ठराव कोणत्याही पक्षाचं किंवा नेत्याचं नाव न घेता लिहा, नाहीतर सभेतच दोन गट पडतील आणि मूळ विषय बाजूला राहील. ठरावाची एक प्रत तहसीलदारामार्फत विधानमंडळाच्या सचिवालयाला पाठवा, एक खासदाराला, आणि एक आपल्या आमदाराच्या ऑफिसात स्वतः जाऊन द्या, तिथं दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट सही-शिक्क्याची पोच घ्या आणि ती ग्रामपंचायतीच्या फाइलला लावा.